एव्हरेस्ट बेस कॅम्पला मित्रांसोबत: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, परभणी-नांदेड त्याहून खाली. एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. म्हणजे पावणेपाच हजार मीटरहून जास्त चढायचं आहे, आणि तेही अशा शरीराने ज्याने म्हैसमाळपेक्षा उंच हवा क्वचितच घेतलेली असते.

या ट्रेकला दोर लागत नाही, बर्फाच्या भिंती चढाव्या लागत नाहीत. वाट मळलेली आहे, दोन-तीन तासांनी कुठेतरी चहा मिळतो, रात्री लॉजमध्ये पलंग मिळतो. तरीही रोज व्यायाम करणारी धडधाकट माणसं अर्ध्यातून खाली आणावी लागतात. पाय थकले म्हणून परतणारे थोडे. बहुतेकांनी रजा आणि पैसे वाचवायला दोन दिवस छाटलेले असतात, किंवा डोकं दुखतंय, म्हणजे उंची बाधतेय, हे मित्रांपासून लपवलेलं असतं. पुढचं सगळं नियोजन या दोन चुका टाळण्यासाठी आहे.

कधी जायचं

हंगाम दोन. पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि वसंतातला मार्चअखेर ते मे. जून ते सप्टेंबर पाऊस, जळवा आणि रद्द होणारी विमानं. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी इतकी की वरचे बरेच लॉज बंद असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, शिखरं लख्ख दिसतात, दिवाळीच्या सुट्टीला दोन-चार रजा जोडता येतात. पण गटात कुणी शेतकरी असेल तर हाच काळ सोयाबीन काढणीचा आणि लगेच हरभऱ्याच्या पेरणीचा. त्यात तयारीचे महिने जून ते सप्टेंबर असे पावसाळ्यात येतात, तेव्हा किल्ल्यांच्या पायऱ्या निसरड्या असतात. एप्रिलमध्ये रब्बी घरात आलेली असते, खरिपाची घाई अजून लांब असते, आणि सराव डिसेंबर ते मार्च या आपल्याकडच्या सगळ्यात बऱ्या हवेत होतो. नोकरदारांना दिवाळी सोयीची, शेतीवाल्यांना एप्रिल.

आणखी एक फरक आधीच माहीत असावा. एव्हरेस्टवर चढाई करणाऱ्यांचे तंबू बेस कॅम्पवर एप्रिल-मेमध्येच असतात. शरदात गेलात तर तिथे दगड, हिमनदी आणि पताका एवढंच दिसेल. एव्हरेस्टचं शिखर तर बेस कॅम्पवरून कुठल्याच ऋतूत धड दिसत नाही, समोरच्या रांगेआड जातं. ते जवळून पाहायला काला पत्थर हा शेजारचा माथा चढावा लागतो. हे ठाऊक नसलेले लोक बेस कॅम्पवर पोहोचून हिरमुसतात.

किती दिवस, आणि ते कुठे खर्च करायचे

उंची बाधू नये यासाठीचा वैद्यकीय नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर आज जिथे झोपलो त्यापेक्षा उद्याची झोपायची जागा ५०० मीटरहून फार उंच नसावी, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच गावात काढावी. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब झोपायच्या उंचीचा. एक टप्पा सोडला तर या नियमात बसणारा कार्यक्रम असा:

पहिला दिवस लुक्ला (सुमारे २,८५० मीटर, विमान इथे उतरतं) ते फाकडिंग (२,६१०). तीन-चार तास, बराचसा उतार.
दुसरा दिवस फाकडिंग ते नामचे बाजार (३,४४०). सहा-सात तास. शेवटी झुलता पूल ओलांडला की ६०० मीटरची सलग चढण.
तिसरा दिवस मुक्काम नामचेतच. सकाळी एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (३,८८०) चढून खुमजुंग गावावरून परत.
चौथा दिवस तेंगबोचे (३,८६०). आधी नदीपर्यंत उतार, मग जवळपास ६०० मीटर चढ.
पाचवा दिवस डिंगबोचे (४,४१०).
सहावा दिवस मुक्काम डिंगबोचेतच. मागच्या नागार्जुन टेकडीवर जमेल तेवढं वर जाऊन जेवायला खाली.
सातवा दिवस थुकलामार्गे लोबुचे (४,९४०).
आठवा दिवस गोरक्षेप (५,१६४), तिथे सामान टाकून बेस कॅम्प, परत गोरक्षेपला झोप. सात-आठ तास.
नववा दिवस पहाटे काला पत्थर (सुमारे ५,५५० मीटर), मग थेट फेरिचेपर्यंत (सुमारे ४,३७०) उतार.
दहावा दिवस नामचे. अकरावा लुक्ला. बाराव्या दिवशी विमान.

फाकडिंग ते नामचे हा टप्पा ५०० मीटरचा नियम मोडतो. वाटेत सोयीची उंची नाही, म्हणून नामचेत दोन रात्री हव्यातच. डिंगबोचेची दुसरी रात्रही तशीच. ‘दहा दिवसांत बेस कॅम्प’ म्हणून विकले जाणारे स्वस्त कार्यक्रम यातलीच एखादी रात्र कापतात, दुसरीकडे कापायला जागाच नसते. कुणी पन्नाशीच्या पुढचं असेल किंवा आधी कधी ३,५०० मीटरवर झोपलेलं नसेल, तर सातव्या दिवशी लोबुचेऐवजी थुकलाला (४,६२०) थांबून एक दिवस वाढवा.

तेंगबोचेत लॉज मोजके आहेत आणि हंगामात भरतात. तिथून वीसेक मिनिटं खाली देबुचे आहे. उंची जवळपास तीच, वारा कमी.

या बारा दिवसांवर दोन दिवस हवामानासाठी, दोन काठमांडूत, आणि जाण्यायेण्याचे तीन-चार. एकूण एकोणीस ते वीस. एवढी रजा मिळत नसेल तर अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३०) निवडावा. तो काही कमी देखणा नाही, आणि लुक्लाच्या विमानाची कटकट त्यात नाही.

मराठवाड्यातून लुक्लापर्यंत

चिकलठाण्याहून विमानाने दिल्ली, किंवा नांदेड-परभणी-जालन्याकडच्यांनी सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, आणि तिथून काठमांडूचं थेट विमान. रेल्वेने जात असाल तर दिल्लीत एक रात्र हाताशी ठेवा, उशिरा पोहोचणाऱ्या गाडीवर विमान टांगू नका. पैसे वाचवायचे असतील तर गोरखपूर, तिथून सुनौली सीमा आणि पुढे बस. पण त्यात दोन दिवस जातात आणि ट्रेकच्या आधीच अंग आंबून जातं. जाताना विमान, येताना रस्ता, हा मधला मार्ग बरा.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि चांगलीच उताराची. दिसलं तरच विमान उतरतं. सकाळी आकाश मोकळं असतं, दुपारी ढग दरीतून वर येतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या फेरीचंच तिकीट मागा. गर्दीच्या महिन्यांत ही विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मन्थली विमानतळावरून सुटतात. तो काठमांडूपासून चार-पाच तासांवर आहे आणि गाडी मध्यरात्रीनंतर एक-दोनला निघते. वळणं भरपूर, त्यामुळे गाडी लागणाऱ्याने आदल्या रात्री हलकं जेवावं. विमानात सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, हातातल्या पिशवीसकट. विमानाची धास्तीच असेल तर काठमांडूहून जीपने सल्लेरीला जाऊन तिथून चालत वर येता येतं. दिवस वाढतात, पण उंचीची सवय फार छान होते.

कागद, पैसा, विमा

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड सर्वसाधारण प्रौढांना चालत नाही, आणि ते विमानतळावर कळून उपयोग नाही. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे मतदार कार्डावर वडिलांचं नाव एका पद्धतीने आणि तिकिटावर दुसऱ्या पद्धतीने असणं नेहमीचं. पासपोर्ट नसेल तर पोलीस पडताळणीचा वेळ धरून तीन-चार महिने आधी अर्ज करा.

वाटेवर दोन परवाने लागतात. एक खुंबू पासाङल्हामु गाउँपालिकेचा, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेचा, तो लुक्लात मिळतो. दुसरा सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा, तो मोंजोच्या नाक्यावर. उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, म्हणून ओळखपत्र पाठपिशवीत वर ठेवा, हमालाकडच्या मोठ्या बॅगेत नको.

भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांबद्दलचे नियम बदलत आलेत, शंभराच्या नोटा बिनघोर. काठमांडूत बऱ्याच दुकानांत भारतीय यूपीआय चालतं, लुक्लाच्या वर त्यावर विसंबू नका. नामचेत एटीएम आहे, पण त्याच्याही भरवशावर राहू नये. ट्रेकचे सगळे दिवस अधिक तीन, एवढी नेपाळी रोकड काठमांडूतच घ्या. वर जावं तशी प्रत्येक गोष्ट महागते. गॅसची टाकी असो की अंडं, सगळं माणसाच्या पाठीवर किंवा याक-झोप्क्योवर (झोप्क्यो म्हणजे याक आणि गाईचा संकर) चढतं. खोली स्वस्त आणि जेवण महाग असं तिथलं गणित आहे. खोली घेतलेल्या लॉजमध्येच जेवायचं, हा तिथला अलिखित करार. सोबतची पाकिटं खाऊन पैसे वाचवणारे गट तिथे कुणाला आवडत नाहीत, आणि का आवडावेत.

विमा घेताना एजंटचं तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ ऐकून सही करू नका. पॉलिसीत दोन गोष्टी लेखी शोधा: ६,००० मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगला संरक्षण आणि हेलिकॉप्टरने सुटका. परदेश प्रवासाच्या साध्या पॉलिसींत उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीची मंजुरी लागते, म्हणून चोवीस तासांचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि कागदावरही. २०१८ मध्ये नेपाळ सरकारने खोट्या सुटकांच्या घोटाळ्याची चौकशी केली होती. साध्या डोकेदुखीलाही हेलिकॉप्टरची घाई करणारा भेटला तर आधी चालत खाली उतरता येतंय का ते पाहा. बहुतेक वेळा येतं.

तयारी: सोळा आठवडे

वारीला चालणाऱ्यांचे पाय तयार असतात, यात वाद नाही. पैठणहून पंढरपूरला पायी जाणारा माणूस रोजच्या चालण्याने थकणार नाही. पण ती वाट बहुतांशी सपाट आहे. इथे मांडीचा पुढचा स्नायू उतारावर फाटतो, पोटरी चढावर. म्हणून सराव पायऱ्यांचा.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून पाच दिवस ४५ ते ६० मिनिटं भरभर चालणं, दोन दिवस जिना. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे शंभर मजले ३०० मीटर. सुरुवात तीस-चाळीस मजल्यांनी.

पाचवा ते दहावा आठवडा: पाठीवर पाच किलो, मग आठ. वजनाला पाण्याच्या बाटल्या सगळ्यात सोयीच्या, गुडघा कुरकुरला तर ओतून देता येतात. जिना शंभर मजल्यांपर्यंत न्या. सोबत पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवायचा व्यायाम, प्रत्येक पायाला पंधरा वेळा, तीन फेऱ्या. उतारासाठी एवढा कामाचा दुसरा व्यायाम नाही, आणि नेमका हाच सगळे टाळतात.

अकरावा ते चौदावा आठवडा: शनिवार-रविवार असे जोडून दोन दिवस, रोज पाच-सहा तास, सात-आठ किलो घेऊन. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चालणं हाच खरा सराव. देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच, चार फेऱ्या मारल्या की ८०० मीटर होतात. उघडण्याच्या वेळेलाच जा, अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च घ्या. वेताळवाडी, सुतोंडा, अंतूर हे अजिंठा-सातमाळ्यातले किल्ले चढाला चांगले. नांदेडकरांना माहूरची शिखरं आहेत. औसा, कंधार, नळदुर्ग पाहण्यासारखे, पण भुईकोट किल्ल्यांत पाय तयार होत नाहीत. निघण्याआधी एकदा कळसूबाई (१,६४६ मीटर) बारी गावातून करा, दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगड. हे दोन्ही लागोपाठ झाले आणि सोमवारी जिना उतरता आला, तर पाय तयार आहेत.

शेवटचे दोन आठवडे निम्मं करा, नवा व्यायाम सुरू करू नका.

हे सगळं दमासाठी आणि पायांसाठी. उंचीची सवय यातून लागत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाराही ४,४०० मीटरवर आजारी पडतो. किंबहुना तो जास्त पडतो, कारण भरभर चालतो.

निघण्याआधी दीड-दोन महिने डॉक्टरकडे जा: रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी, चाळिशीपुढे डॉक्टर सांगतील तर ताण चाचणी. सिगारेट आणि गुटखा याच दिवशी सुटला तर उत्तम.

सामान

आपल्याकडचा हिवाळा ८-१० अंशांवर थांबतो. गोरक्षेपला नोव्हेंबरच्या रात्री उणे १० ते १५ पर्यंत जातात, एप्रिलमध्येही शून्याखालीच. लॉजमध्ये शेगडी फक्त जेवणाच्या खोलीत, तीही संध्याकाळीच. झोपायची खोली प्लायवूडच्या भिंतींची.

कपडे थरांचे: अंगालगत घाम सोडणारं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबलं की अंग गोठवतं. पिसांचं जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूत ठमेलला भाड्याने मिळते. बॅगेवर दोन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ हेच पाहा, दुसरं मरणार नाही एवढ्याची हमी देतं. उणे १० कम्फर्टची पुरते, कारण लॉजवाले वरून रजई देतात.

बूट घोट्यापर्यंतचे, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. निघण्याआधी त्यांच्यावर किमान शंभर किलोमीटर चालून झालेलं असावं. नवे बूट लुक्लात घालणाऱ्याच्या टाचा नामचेला सोललेल्या असतात. नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा.

बाकी: दोन काठ्या, डोक्याला लावायचा टॉर्च, हातमोज्यांचे दोन जोड एकावर एक, कानटोपी, अतिनील किरण पूर्ण अडवणारा गॉगल, एसपीएफ ५० चं क्रीम आणि ओठांना वेगळं मलम. आपल्या उन्हाची सवय आहे म्हणून क्रीम टाळू नका. तिथे ऊन लागतं पण तापत नाही, कळेपर्यंत नाक सोललेलं असतं. दोन एक-लिटरच्या बाटल्या, त्यातली एक उकळतं पाणी सोसणारी. रात्री गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी घ्या, सकाळी तेच प्या. पॉवर बँक विमानात हातातल्या पिशवीतच. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

खाऊ माणशी दीड किलोपेक्षा जास्त नको. शेंगदाण्याची चटणी हवीच, पाचव्या दिवशी तोंडाची चव जाते तेव्हा तीच भात खाली ढकलते. चिक्की, खजूर, सातूचं पीठ. धपाटे काठमांडूपर्यंत संपवा.

दोघांत एक हमाल पुरतो. दोघांचं मिळून सामान २० किलोच्या आत ठेवा, आणि त्याच्याकडे थंडीचे कपडे व विमा आहे का हे एजन्सीला विचारा. रोज लागणारं पाच-सहा किलो स्वतःच्या पाठीवर.

चालणं आणि खाणं

वेग एवढाच की न धापता दोन पूर्ण वाक्यं बोलता यावीत. नेपाळी वाटाड्या दिवसातून वीसदा ‘बिस्तारै’ म्हणेल, म्हणजे सावकाश. पन्नास पावलं पळून दोन मिनिटं धापा टाकण्यापेक्षा न थांबता मुंगीच्या चालीने जावं.

याक किंवा खेचरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्यांच्या पाठीवरचं ओझं धक्का देतं आणि त्यांना त्याची जाणीव नसते. पुलावर जनावरं चढली असतील तर थांबा. मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून जा, प्रदक्षिणेसारखं.

पाणी दिवसाला तीन ते चार लिटर. दुष्काळात वाढलेल्या आपल्या लोकांना पाणी जपून प्यायची सवय असते, थंडीत तर तहानही लागत नाही. लघवी फिकट पिवळी आहे का एवढं पाहत राहा. बाटलीबंद पाणी महाग आणि त्याचा कचरा तिथेच राहतो. उकळलेलं घ्या किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

दाळ-भात-तरकारी दोन्ही वेळा. भात-वरण पुन्हा वाढतात, त्यामुळे भूक आणि पैसा दोन्हींना परवडतं. नामचेच्या वर मांस टाळा. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, जनावर मारत नाहीत, मांस खालून दिवसेंदिवस पाठीवर येतं. दारू उतरताना नामचेला, चढताना अजिबात नाही.

उंचीचा आजार

बेस कॅम्पवरही हवेत ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. दाब मात्र समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, त्यामुळे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन येतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात.

डोकं दुखतंय, आणि सोबत मळमळ, भूक जाणं, चक्कर किंवा विलक्षण थकवा यातलं काहीही आहे, तर तो उंचीचा आजार धरायचा. ‘ऊन लागलं’, ‘झोप नाही झाली’ ही कारणं नंतर शोधा. त्या दिवशी वर जायचं नाही. पाणी, पॅरासिटामॉल, विश्रांती. दुसऱ्या दिवशी पूर्ण बरं वाटलं तर पुढे, तसंच राहिलं तर आणखी थांबा, वाढलं तर खाली.

दोन अवस्था जीवघेण्या आहेत. मेंदूला सूज आली की माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. त्याला सरळ रेषेत टाचेला बोट लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर समजा. फुप्फुसात पाणी झालं की बसल्या जागी धाप लागते, खोकला वाढतो, ओठ निळसर होतात, पुढे गुलाबी फेस येतो. दोन्हींत लगेच, रात्र असली तरी, किमान ५०० ते १,००० मीटर खाली उतरवायचं, शक्य तर ऑक्सिजन लावून. सकाळची वाट पाहणं हीच इथली सगळ्यात महागडी चूक. एकट्याला कधीही पाठवू नका, तो वाट चुकतो किंवा बसून राहतो.

फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना दोन्ही हंगामांत चालू असतो, खुमजुंगजवळच्या खुंदेला इस्पितळ आहे. शंका असेल तर तिथे दाखवून घ्या.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातली डायमॉक्स: प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते घाबरण्यासारखं नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. पहिली गोळी घरीच घेऊन पाहा. ती आजार झाकत नाही, शरीराचं जुळवून घेणं लवकर करते, पण दिवस छाटायची परवानगी ती देत नाही. झोपेच्या गोळ्या नकोत, त्या श्वास मंदावतात.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या आकड्यांची शर्यत लावू नका. गोरक्षेपला ७५ ते ८५ दिसणं सर्रास आहे. गार बोटावर तो चुकीचं दाखवतो, हात चोळून मिनिटभर थांबून पाहा. आकडा चांगला आणि माणूस आजारी असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

मित्रांमधले ठराव

चार ते सहा जण ठीक. त्याहून मोठ्या गटात चालण्याचे दोन-तीन वेग होतात. वाटाड्याबरोबर एक मदतनीस घ्याच. आजाऱ्याला कुणीतरी खाली नेईल आणि बाकीचे पुढे जातील, हे दोघं असल्याशिवाय शक्य नाही. एका माणसाचा हा पगार वाचवणारे गट पहिल्या आजारपणात सगळेच परत येतात.

घरी असतानाच, शांत डोक्याने, या गोष्टी ठरवा आणि लिहून काढा. सगळ्यात पुढे सगळ्यात हळू चालणारा, शेवटी सगळ्यात दमदार. रोज रात्री जेवणाआधी प्रत्येकाने डोकं, पोट, झोप, लघवी यांचं खरं सांगायचं, आणि एकाने वहीत लिहायचं. हे वैयक्तिक वाटतं, म्हणून पहिल्याच दिवसापासून सुरू करा, तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचा विनोद होतो आणि मग कुणी लपवत नाही. कुणी खाली गेला तर त्याच्याबरोबर कोण, याची जोडी आधीच ठरलेली. वाटाड्याने ‘खाली’ म्हटलं की मतदान नाही. वर्गणी एकाकडे जमा, खर्च दुसऱ्याने लिहायचा. चार्जिंग, वायफाय, गरम पाण्याची आंघोळ ज्याची त्याने द्यावी, तिथेच भांडणं होतात.

ज्याची टिंगल होण्याची भीती असते तोच डोकेदुखी लपवतो. ‘एवढ्यात दमलास का’ हे वाक्य या बारा दिवसांत कुणी उच्चारायचं नाही.

काला पत्थर आणि परत

काला पत्थरसाठी पहाटे चार-साडेचारला निघतात. थंडी आणि वारा त्या वेळी सगळ्यात जास्त. बेस कॅम्पहून थकून आलेल्याने आदल्या रात्री स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. अर्ध्या चढावरूनही एव्हरेस्ट दिसतं, माथा गाठायलाच हवा असं नाही. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात.

मग उतार. डोकं हलकं होतं, भूक परत येते, आणि याच भरात गुडघे दुखावतात, घोटे मुरगळतात. काठ्या थोड्या लांब करा, पाऊल लहान ठेवा, बुटाची वरची नाडी घट्ट आवळा.

लुक्लात आदल्या दुपारी पोहोचून तिकीट पक्कं करा. वाटाड्या-हमालांची बक्षिशी तिथेच, शेवटच्या रात्री, पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या हातात द्या. ढगांनी विमान रद्द झालं तर एकाच हेलिकॉप्टरमध्ये चार-पाच जणांनी वाटून येता येतं, पण त्याचे दर तिथल्या गर्दीवर ठरतात, त्यासाठी वेगळी रक्कम राखून ठेवलेली असावी. काठमांडू-दिल्लीचं तिकीट लुक्लाच्या विमानापासून दोन दिवस पुढचं. ते दोन दिवस वापरावे लागले नाहीत तर भक्तपूर पाहून घ्या, आणि ठमेलची भाड्याची स्लीपिंग बॅग वाळवून परत द्या. ओली दिली तर अनामत कापतात.